भाव कसा ठरतो: वाशीच्या कांदा-बटाटा बाजारापासून ठाण्याच्या पोळीभाजी केंद्रापर्यंत

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला मी व्यावसायिक अर्थशास्त्र शिकवते आणि दरवर्षी पहिल्या तासाला एकच प्रश्न विचारते: पोळीभाजी केंद्रात एक पोळी बारा रुपयांना मिळते, तर ती बारालाच का? उत्तर जवळजवळ एकमुखाने येते. कणीक, तेल, गॅस, पोळ्या लाटणाऱ्या बायकांची मजुरी आणि गाळ्याचे भाडे यांची बेरीज करायची, त्यावर नफा चढवायचा, की झाली किंमत. नौपाड्यातला किंवा घणसोलीतला कोणताही छोटा व्यावसायिकही तोंडाने हेच सांगेल. मात्र तोच व्यावसायिक रात्री साडेनऊला उरलेल्या पोळ्या सहा रुपयांना देताना दिसतो, आणि बेरीज तीच असूनही भाव निम्म्यावर आलेला असतो. या विसंगतीचा उलगडा करता येणे म्हणजे सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पहिल्या सत्राचा निम्मा अभ्यास पूर्ण होणे, असे मी मानते.

पुढे दिलेली पद्धत एका वहीत, चार आठवड्यांत आणि फारसा खर्च न करता अमलात आणता येते. तिचा गाभा एवढाच आहे की प्रत्येक टप्प्यावर नजर एकूण आकड्यावर न ठेवता पुढच्या एका नगावर ठेवावी: पुढची एक गोणी, पुढची एक पोळी, पुढचे एक गिऱ्हाईक. पाठ्यपुस्तकात ज्याला ‘सीमांत’ म्हणतात ते हेच, आणि परीक्षेत गुण जातात तेही बहुधा इथेच.

पहिला टप्पा: वस्तू आणि बाजार नेमका ठरवणे

वहीच्या पहिल्या पानावर ‘कांदा’ एवढेच लिहिणारा विद्यार्थी दुसऱ्या दिवशीच अडचणीत येतो, कारण बाजारात ‘कांदा’ नावाची एकच वस्तू नसते. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, ठेवलेला उन्हाळी कांदा, खरिपाचा लाल कांदा आणि हॉटेलवाले स्वस्तात उचलतात ती बारीक गोल्टी यांचे भाव एकाच सकाळी वेगवेगळे असतात. म्हणून वस्तूसोबत प्रत, एकक, ठिकाण आणि वेळ लिहावी; उदाहरणार्थ, ‘मध्यम आकाराचा उन्हाळी कांदा, प्रति किलो, वाशीचा घाऊक बाजार, पहाटे’ आणि ‘तोच कांदा, प्रति किलो, ठाण्याच्या जांभळी नाक्याचा किरकोळ बाजार, संध्याकाळी सात’. ही दोन वेगळी नोंदपाने आहेत. घाऊक भाव क्विंटलमध्ये सांगितला, तर शंभराने भागून किलोचा भाव काढावा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

दुसरा टप्पा: घाऊक बाजार डोळ्यांनी पाहणे

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची सकाळची लोकल पकडून तुर्भ्याला उतरले की मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार, म्हणजेच वाशीचा घाऊक बाजार, जवळच आहे. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार तिथे आहेत. राज्याचा बाजार समिती कायदा १९६३ चा आहे आणि २०१६ मध्ये फळे व भाजीपाला या नियमनातून मुक्त करण्यात आला. म्हणजे शेतकऱ्याला आवाराबाहेर थेट विक्रीची मोकळीक मिळाली. तरीही सकाळच्या भावाचा अंदाज घ्यायला आजही किरकोळ विक्रेते इकडेच कान लावून असतात. आत जाताना हमालांच्या वाटेत उभे राहू नये. पाठीवर गोणी घेतलेला माणूस थांबू शकत नाही. या माथाडी कामगारांसाठी १९६९ पासून राज्यात स्वतंत्र कायदा आहे आणि त्यांची हमाली हा भावाचा एक प्रत्यक्ष घटक आहे, तेव्हा तिचा दर विचारून नोंदवावा.

आमच्या एका भेटीतला प्रसंग सांगते. एका गाळ्यावर वयस्कर आडत्यांनी, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालांनी, गोणीत हात घालून खालचा कांदा वर काढला, अंगठ्याने त्याचे वरचे टरफल चोळले, मान दाबून पाहिली आणि समोरच्या खरेदीदाराला आकडा सांगितला. त्याने दोन रुपये कमी सांगितले. आडत्यांनी आधी बाहेर उभ्या गाड्यांकडे पाहिले, मग एक रुपया सोडला आणि व्यवहार झाला. माझ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “काका, हा कांदा पिकवायला किती खर्च आला असेल?” ते म्हणाले, “ते शेतकऱ्याला ठाऊक, पोरी. मी आज गाड्या किती आल्यात ते बघतो, आणि उठाव किती आहे ते.”

त्या उत्तरातले दोन शब्द वहीत ठळक लिहावेत. ‘आवक’ म्हणजे त्या दिवसापुरता पुरवठा आणि ‘उठाव’ म्हणजे मागणी. माल आज पहाटे आवारात येऊन पडला आहे, भाव चढला म्हणून दुपारपर्यंत नवा कांदा उगवणार नाही, आणि भाव पडला म्हणून आलेल्या गाड्या मालासह परत नेणे सहसा परवडत नाही. इंग्लिश अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये हाच मुद्दा मासळी बाजाराच्या उदाहरणाने मांडला होता: एका दिवसाच्या काळात भाव जवळजवळ पूर्णपणे मागणी ठरवते, काही महिन्यांच्या काळात होड्या आणि माणसे कमीजास्त करता येतात, आणि काही वर्षांच्या काळात उत्पादनखर्चाचा प्रभाव सर्वाधिक होतो. मागणी आणि खर्च यांपैकी किंमत कोण ठरवते हा वाद त्यांनी कात्रीच्या दोन पात्यांची उपमा देऊन मिटवला. कागद कोणते पाते कापते, हा प्रश्नच गैरलागू आहे. मात्र किती काळाचा विचार करतो आहोत त्यावर कोणते पाते हलते हे अवलंबून असते, आणि विद्यार्थी हा भाग नेहमी विसरतात.

तिसरा टप्पा: आलेख काढणे, आणि कोणती रेषा हलली ते सांगणे

उभ्या अक्षावर किंमत आणि आडव्या अक्षावर नगसंख्या घ्यावी. गणिताच्या सवयीने हे उलटे वाटते, पण मार्शल यांच्यापासून ही रीत चालत आली आहे. मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे उतरते, पुरवठ्याची चढते, आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे समतोल किंमत असते. एवढे सर्वांना येते.

चूक पुढे होते. ‘भाव वाढला म्हणून मागणी कमी झाली’ आणि ‘मागणी कमी झाली म्हणून भाव उतरला’ ही दोन्ही वाक्ये एकाच उत्तरपत्रिकेत, एकाखाली एक, मी शेकडो वेळा वाचली आहेत, आणि दोन्हींत ‘मागणी’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेले नसते. पहिल्या वाक्यात गिऱ्हाईक त्याच रेषेवरून वर सरकले आहे. याला मागणीचा संकोच म्हणतात. दुसऱ्या वाक्यात अख्खी रेषा डावीकडे सरकली आहे. ही मागणीतली घट. श्रावणात किंवा चातुर्मासात अनेक घरांत कांदा-लसूण बंद होते, ही रेषेची घट आहे, कारण भाव तोच असतानाही खरेदी कमी होते. कांदा महागला म्हणून गृहिणीने अर्ध्या किलोवर भागवले, तर तो संकोच आहे. वहीत प्रत्येक दिवसाच्या भावापुढे एका वाक्यात कारण लिहावे आणि त्याखाली ‘रेषेवर’ किंवा ‘रेषा’ एवढा एकच शब्द लिहावा. दोन आठवडे हे केले की गोंधळ कायमचा जातो.

पुरवठ्याच्या बाजूने कांद्याइतका चांगला शिक्षक नाही. रब्बीचा उन्हाळी कांदा साधारण मार्च ते मे या काळात निघतो आणि टिकाऊ असल्याने चाळीत साठवला जातो. खरिपाचा कांदा ऑक्टोबरच्या सुमारास यायला लागतो. मधल्या काळात जुना साठा संपत आलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी पाऊस लांबला तर नवा माल शेतातच सडतो. २०१९ मध्ये हेच झाले. केंद्र सरकारने २९ सप्टेंबर २०१९ रोजी कांद्याची निर्यात थांबवली, तरी त्या डिसेंबरमध्ये अनेक शहरांत किरकोळ भाव शंभर रुपयांच्या पुढे गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले गेले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा निर्यातबंदी आली. निर्यात रोखल्याचा परिणाम आलेखावर असा दाखवावा: परदेशी जाणारा माल देशातच राहिला, म्हणून देशांतर्गत पुरवठ्याची रेषा उजवीकडे सरकली आणि भाव एरवी असता त्यापेक्षा खाली राहिला. ठाण्याच्या ग्राहकाला मिळालेला हा दिलासा नाशिकच्या शेतकऱ्याच्या खिशातून आला, हेही त्याच आलेखात दिसते. ते झाकून शिकवणे मला योग्य वाटत नाही.

भाव वाढला की पुढच्या हंगामात सगळे कांदा लावतात, मग आवक फुगते, भाव कोसळतो, आणि त्यापुढच्या हंगामात लागवड घटते. या चक्राला अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डॉर यांनी १९३४ मध्ये कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली, कारण आलेखावरच्या रेषा तशाच गुंफत जातात. पुरवठा मागणीपेक्षा अधिक लवचिक असेल, म्हणजे भाव बदलल्यावर अधिक प्रमाणात बदलत असेल, तर हे हेलकावे विरत नाहीत, वाढत जातात.

चौथा टप्पा: लवचिकता मोजणे

भावात शेकडा जितका बदल झाला त्याने मागणीतल्या शेकडा बदलाला भागले की मागणीची लवचिकता मिळते. टक्केवारी काढताना जुना आकडा पाया धरला की चढताना एक उत्तर येते आणि उतरताना दुसरे, म्हणून दोन्ही आकड्यांची सरासरी पाया धरावी. उत्तर एकापेक्षा कमी आले तर मागणी ताठर असते, अधिक आले तर लवचिक.

कांद्याला स्वयंपाकघरात सहज पर्याय नाही आणि घरखर्चात त्याचा वाटा लहान असतो, म्हणून मागणी ताठर असते. समजा ती लवचिकता ०.३ आहे आणि आवक १० टक्क्यांनी घटली. घटलेल्या मालापुरतीच मागणी उरावी यासाठी भाव किती चढावा लागेल? १० भागिले ०.३, म्हणजे सुमारे ३३ टक्के. आवकेतली छोटी तूट भावात एवढी मोठी का होते, याचे हे उत्तर आहे. ‘साठेबाजांनी केले’ असे लिहून हा प्रश्न सोडवता येत नाही. साठेबाजी झाली असली तरी तिचा परिणामही याच गणितातून जातो.

पाचवा टप्पा: खर्चाची दोन पाने करणे

आता वाशीहून ठाण्याला परत यावे आणि एका पोळीभाजी केंद्राची वही उघडावी. पुढचे सर्व आकडे मी शिकवण्याच्या सोयीसाठी घेतले आहेत. तुमच्या भागातल्या केंद्राचे खरे आकडे मिळवून तेच गणित पुन्हा करावे.

पहिल्या पानावर बदलता खर्च येतो: कणीक, तेल, गॅस आणि पोळीमागे दिली जाणारी लाटण्याची मजुरी. समजा तो एका पोळीमागे ५ रुपये आहे. दुसऱ्या पानावर स्थिर खर्च येतो, म्हणजे एकही पोळी विकली नाही तरी द्यावाच लागणारा. गाळ्याचे भाडे महिना ३०,००० रुपये असेल तर रोजचे १,००० होतात.

गाळा स्वतःच्या मालकीचा असेल तर भाडे नाही, म्हणून खर्च शून्य, असे विद्यार्थी लिहितात आणि मालकही मानतात. पण तोच गाळा दुसऱ्याला दिला असता तर महिना ३०,००० मिळाले असते. ते सोडून दिले, म्हणून तो खर्चच आहे. याला संधीखर्च म्हणतात. आजोबांच्या वेळेपासूनच्या गाळ्यात चाललेला धंदा हिशेबाच्या वहीत नफ्यात दिसतो आणि अर्थशास्त्राच्या वहीत तोट्यात असू शकतो. मालकाने आणि त्याच्या पत्नीने दिवसभर तिथे उभे राहून केलेल्या श्रमांचेही तसेच आहे. घरातल्या बाईचे श्रम बहुतेक वह्यांत लिहिलेलेच नसतात, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत ते लिहिले जावेत असा माझा आग्रह असतो.

सहावा टप्पा: किमतीचा तक्ता मांडणे

हा सगळ्या अभ्यासाचा मुख्य भाग आहे, म्हणून इथे घाई करू नये. केंद्राने वेगवेगळ्या काळात वेगवेगळा दर लावून पाहिला आणि रोजची विक्री अशी झाली, असे समजू.

| पोळीचा दर (रुपये) | रोजची विक्री | एकूण विक्री रक्कम (रुपये) | बदलता खर्च वजा जाता उरणारी रक्कम (रुपये) |
|---|---|---|---|
| १० | ६०० | ६,००० | ३,००० |
| १२ | ५२० | ६,२४० | ३,६४० |
| १३ | ४६५ | ६,०४५ | ३,७२० |
| १४ | ४०० | ५,६०० | ३,६०० |

दहावरून बारावर जाताना दर सरासरी पायावर १८.२ टक्क्यांनी वाढला आणि विक्री १४.३ टक्क्यांनी घटली. लवचिकता सुमारे ०.७९, मागणी ताठर, म्हणून विक्रीची रक्कम वाढली. बारावरून तेरावर जाताना लवचिकता सुमारे १.४ होते आणि रक्कम घटते. इथे बहुतेक विद्यार्थी थांबतात आणि बारा रुपये हा उत्तम दर आहे, असे लिहितात.

पण शेवटचा रकाना पाहावा. तेराला विक्रीची रक्कम १९५ रुपयांनी कमी आहे, तरी हाती ८० रुपये अधिक उरतात, कारण ५५ पोळ्या कमी कराव्या लागल्या आणि त्यांचे २७५ रुपये खर्चच झाले नाहीत. बारा हा गल्ला सर्वांत मोठा करणारा दर आहे आणि तेरा हा नफा सर्वांत मोठा करणारा. पुढची पोळी विकून येणारी जादा रक्कम, म्हणजे सीमांत प्राप्ती, आणि ती करायला लागणारा जादा खर्च, म्हणजे सीमांत खर्च, जिथे बरोबरीला येतात तिथे थांबावे हा नियम पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतो. त्याचा अर्थ हा तक्ता आहे. व्यवहारात तेरा रुपयांना सुट्ट्या पैशांची अडचण असते हे खरे, पण यूपीआयमुळे ती पुष्कळ कमी झाली आहे, आणि दहा पोळ्यांचे पाकीट १३० रुपयांना देता येते.

आता गाळ्याच्या मालकाने भाडे ३०,००० वरून ४५,००० केले. पोळीचा दर किती वाढवावा? वर्गात हात वर होतात आणि चौदा, पंधरा असे आकडे येतात. तक्त्याकडे पुन्हा पाहावे. भाडे वाढल्याने शेवटच्या रकान्यातला एकही आकडा बदललेला नाही. चौदाला ३,६०० उरतात, तेराला ३,७२०. रोजचे भाडे १,००० असो की १,५००, तेराच उत्तम. फरक एवढाच की नफा २,७२० वरून २,२२० वर येतो. दर वाढवून भाड्याची भरपाई करायला निघालेला केंद्रचालक आणखी १२० रुपये गमावतो. भाडे फारच वाढले आणि धंद्यात राहणेच परवडेना, तर तो बंद करेल. असे अनेक जण बाहेर पडले की उरलेल्यांकडची गर्दी वाढेल आणि तेव्हा दर चढतील. दीर्घकाळात भाडे किमतीपर्यंत पोचते ते या वळणाच्या वाटेने.

कणीक आणि गॅस महागल्यावर मात्र चित्र वेगळे होते. बदलता खर्च ५ वरून ७ रुपये झाला असे धरून शेवटचा रकाना पुन्हा काढावा: बाराला २,६००, तेराला २,७९०, चौदाला २,८००. आता उत्तम दर चौदा आहे. खर्च दोन रुपयांनी वाढला आणि दर एकाच रुपयाने, बाकीचा भार केंद्रचालकाने सोसला. ग्राहकावर किती टाकता येते हे मागणीच्या उतारावर अवलंबून असते.

आणि रात्री साडेनऊची ती सहा रुपयांची पोळी? ती आधीच भाजून झाली आहे, तिचा खर्च बुडीत आहे, आणि ती विकण्याचा पुढचा खर्च जवळजवळ शून्य आहे. सकाळी तिला गिऱ्हाईक नसेल. त्या क्षणी सहा रुपयेही संपूर्ण मिळकत असते. जांभळी नाक्यावर रात्री कोथिंबिरीची जुडी स्वस्त होते ती याच कारणाने. एक धोका मात्र नोंदवावा: रोज रात्री स्वस्त मिळते हे नेहमीच्या गिऱ्हाइकाला कळले, तर संध्याकाळची मागणीच रात्रीकडे सरकते. म्हणून जाणते केंद्रचालक उरलेला माल कामावरच्या बायकांना घरी देतात आणि फलकावरचा दर मोडत नाहीत.

सातवा टप्पा: घाऊक आणि किरकोळ भावातले अंतर उलगडणे

वाशीत २० रुपयांचा कांदा ठाण्यात ३५ ला कसा, या प्रश्नावर लगेच ‘लूट’ असे उत्तर येते. हिशेब मांडावा. ५० किलोची गोणी १,००० रुपयांना पडली. टेम्पो आणि हमाली मिळून १०० धरू. निवडताना सड, मोड आणि सुटे टरफल मिळून ५ किलो गेले. म्हणजे विकण्याजोगा ४५ किलो कांदा १,१०० रुपयांना पडला, किलोला सुमारे साडेचोवीस. ३५ ने विकून १,५७५ आले आणि ४७५ उरले, ज्यातून दिवसभराचे श्रम, जागा आणि न विकल्या गेलेल्या मालाची जोखीम भागायची आहे. हे कमी की जास्त ते दिवसाला किती गोण्या जातात यावर ठरेल. तो आकडा विचारल्याशिवाय निकाल देऊ नये.

आठवा टप्पा: बाजाराचा प्रकार ओळखणे

चार प्रकारांची व्याख्या पाठ करण्यापेक्षा एकच चाचणी लावावी: हा विक्रेता आपला दर एका रुपयाने वाढवू शकतो का, आणि वाढवला तर काय होईल?

कांद्याच्या अनेक विक्रेत्यांपैकी एकच जण रुपया वाढवून बसला तर खरेदीदार शेजारच्या गाळ्यावर जातो. तो भाव स्वीकारणारा आहे आणि बाजार पूर्ण स्पर्धेच्या जवळचा. पोळीभाजी केंद्राने रुपया वाढवला तर काही गिऱ्हाइके जातात, काही चवीसाठी, ओळखीसाठी किंवा घराच्या कोपऱ्यावर आहे म्हणून राहतात. ही मक्तेदारीयुक्त स्पर्धा, जिचे विश्लेषण १९३३ मध्ये एडवर्ड चेंबरलिन यांनी केले; त्याच वर्षी जोन रॉबिन्सन यांचे अपूर्ण स्पर्धेवरचे विवेचनही स्वतंत्रपणे आले. मोबाइल कंपनीने दर वाढवला तर ती आधी इतर दोन-तीन कंपन्या काय करतील याचा विचार करते, हा अल्पाधिकार. असे मोजके विक्रेते एकमेकांशी संगनमत करू लागले तर तो स्पर्धा कायद्याचा भंग ठरतो: भारतीय स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता, आणि ते प्रकरण पुढे अपिलात गेले. विजेच्या तारा एकाच रस्त्यावर दोनदा टाकणे महाग पडते, म्हणून महावितरणसारखी नैसर्गिक मक्तेदारी उभी राहते आणि तिचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो.

नववा टप्पा: सरकारने ठरवलेला दर आणि न दिसणारी किंमत

पावसाळ्यात संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभे राहून हा टप्पा पूर्ण करावा. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर क्षेत्रात मीटरच्या रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले. दुपारी दोनला या दराला रिक्षा गिऱ्हाइकाची वाट पाहतात, आणि सातला गिऱ्हाइके रिक्षांची. दर हलू शकत नाही, म्हणून मागणी आणि पुरवठ्यातली तफावत दुसऱ्या रूपांनी बाहेर येते: लांब रांग, जवळचे भाडे नाकारणे, भिजत घालवलेला वेळ. रांगेत गेलेल्या पाऊण तासालाही किंमत आहे, फक्त ती रिक्षाचालकाच्या हाती पडत नाही. ॲपवरच्या गाड्या त्याच वेळी दर चढवतात आणि रांग लहान ठेवतात, पण ज्याच्या खिशात जादा पैसे नाहीत त्याला ती सोय मिळत नाही. दोन्ही पद्धतींत कोणाला काय सोसावे लागते हे शेजारी शेजारी लिहावे. माझे मत विचाराल, तर किमान भाडे ठरवून देणे मला रास्त वाटते आणि उपाय गर्दीच्या वेळच्या बसगाड्या वाढवण्यात आहे, कारण त्याने रिक्षावरची मागणीची रेषाच डावीकडे सरकते.

दहावा टप्पा: माहिती कोणाकडे आहे ते पाहणे

फळबाजारात हापूसच्या पेटीचा भाव रुमालाखाली बोटे धरून ठरवण्याची जुनी रीत आहे. शेजारच्याला काय भाव मिळाला हे त्यात कळत नाही. बाजारातले सर्व भाव सर्वांना माहीत असणे ही पूर्ण स्पर्धेची अट इथे मोडते, आणि दूरच्या बागायतदाराला तिचा तोटा सर्वाधिक होतो. ग्राहकाच्या बाजूनेही तसेच आहे: कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपवला गेला आणि गिऱ्हाइकाला फरक ओळखता आला नाही, तर ते अस्सल मालालाही सरासरीच भाव देऊ लागते आणि अस्सल माल आणणाऱ्याला तो परवडत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून हे दाखवले आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालालाच लावता येण्याचे संरक्षण, हा याच दुखण्यावरचा एक इलाज आहे. पेटीवरचा शिक्का वाचायची सवय तेवढी ग्राहकाने लावून घ्यावी.

शेवटचा टप्पा: अंदाज लिहून ठेवणे

तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की चौथ्या आठवड्याच्या आरंभी, बाजारात जाण्यापूर्वी, पुढील शुक्रवारचा घाऊक आणि किरकोळ भाव काय असेल ते लिहावे. त्याखाली कारणे लिहावीत: आवक वाढेल की घटेल, सण किंवा लग्नसराई आहे का, नाशिककडे पाऊस झाला का, आणि मागणी किती ताठर आहे. हे पेनने लिहावे, म्हणजे नंतर खोडता येत नाही. शुक्रवारी खरा भाव शेजारी मांडून, अंदाज चुकला असेल तर कोणती रेषा हलेल असे वाटले होते आणि प्रत्यक्षात कोणती हलली, एवढे दोन ओळींत लिहून ते पान तारखेसह वर्गात आणावे. बरोबर आलेल्या अंदाजाला मी वेगळे गुण देत नाही. त्या दोन ओळींना देते.